त्या दिवशी माइक माझ्या हातात होता

अब्बा,

गेल्या आठवड्यात मी वर्गात तुमची एक गोष्ट सांगितली आणि तिच्यात एक चूक केली. निरवांगीच्या एका जित्या माणसाच्या मयतीचा पुकारा तुम्ही केलात, असं मी सांगितलं. तो तुम्ही केला नव्हता. तुम्ही तेव्हा रिक्षात नव्हताच. माइक माझ्या हातात होता, बटण मी दाबलं होतं, आणि मी पाचवीत होते. हे आधीच लिहून टाकते. मला माझा स्वभाव माहीत आहे. नाहीतर बाकीचं सगळं बारकाईनं लिहीत बसेन आणि एवढी एक गोष्ट कागद संपेपर्यंत लांबवेन.

ही गोष्ट मी फ्रेंचमध्ये सांगितली. तुम्ही भुवया वर कराल, म्हणून तेही सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते. आता एकोणतीस वर्षांची आहे आणि बारामतीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फ्रेंच शिकवते. बारामतीत फ्रेंच कुणी बोलत नाही, इंदापुरात तर नाहीच. पण या विषयात गुण चांगले पडतात अशी त्याची ख्याती आहे, त्यामुळे दरवर्षी चौदा-पंधरा मुलं येऊन बसतात. कुणी भिगवणचं, कुणी कळंबचं, कुणी वालचंदनगरच्या कॉलनीतलं. सकाळच्या एसटीनं येतात, दुपारच्या एसटीनं जातात. मी नेमकं काय करते ते अम्मीला नीटसं कळत नाही. परवा शेजारणीला सांगत होती, "पोरगी लई अवघड शिकवती. कुणाच्या कामाचं न्हाय, पर लई अवघड हाय."

अवघड आहे ते क्रियापदांमुळे. घडून गेलेल्या गोष्टीसाठी एक रूप, पूर्वी नेहमी घडायची तिच्यासाठी दुसरं, पुढं घडणार तिच्यासाठी तिसरं, आणि ही सगळी रूपं मी, तू, तो, आम्ही यांच्याबरोबर पुन्हा बदलत जातात. मुलं ती पाढ्यांसारखी पाठ करतात. रिकाम्या जागा भरा म्हटलं की वीसपैकी वीस. पण उभं करून नुसतं विचारलं, काल काय केलंस, की सगळे पंख्याकडं बघतात. निरवांगीहून येणारी एक मुलगी आहे, शेवटच्या बाकावर बसते. तिच्या वहीत मला लाल पेन टेकवायला जागा सापडत नाही, आणि पहिल्या तीन महिन्यांत तिचा आवाज मी हजेरीपलीकडं ऐकला नव्हता. तिला मी ओळखून होते. त्या बाकावर मी स्वतः बसलेली आहे.

तुम्हाला आठवत असेल, पहिलीत मी कळंबच्या शाळेत आठ दिवस गेले. बाईंनी नाव विचारलं आणि मला ते सांगता आलं नाही. माहीत होतं, तोंडात आलं होतं, बाहेर पडत नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी अंगात ताप, दहाव्या दिवशीही ताप, आणि शाळा सुटायच्या वेळेला तो आपोआप उतरायचा. अम्मी रागावली. तुम्ही रागावला नाहीत. पटावर नाव राहू द्या म्हणून बाईंना सांगून आलात आणि मला रिक्षात आणून बसवलंत. टपावर कर्णा, सीटखाली बॅटरी आणि अॅम्प्लिफायर, समोर खिळ्याला अडकवलेल्या चिठ्ठ्या. दोन वर्षं तीच माझी शाळा. लोक पुकाऱ्यासाठी जे लिहून आणायचे त्यावर मी वाचायला शिकले. रेशन आले आहे. कुस्त्यांचा फड. बालकांना डोस. म्हैस हरवली आहे. ळ मी कळंबच्या पाटीवर शिकले आणि कितीतरी दिवस मला वाटायचं की हे अक्षर आपल्या गावासाठीच केलंय.

तुम्ही धंद्याच्या रीती सांगायचा, तेवढाच काय तो उपदेश. कागदावर आहे त्यात पदरचा एक शब्द घालायचा नाही. म्हैस असेल तर आधी शिंगं सांगायची, रंग नंतर, कारण रंग सगळ्यांचा एकच. आणि मयत असेल तर चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही. आधी घरी जायचं, लांब उभं राहायचं, दारात माणसं बसलीत का बघायचं, वस्ती कोणती ते विचारायचं, आणि मग माइकला हात लावायचा. "रेशनचा पुकारा परत घेता येतोय," तुम्ही म्हणायचा, "ह्यो येत न्हाय." तिसरीत मी पुन्हा शाळेत गेले तेव्हा बाईंनी नाव विचारलं, आणि मी ते बहुधा चार वाड्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात सांगितलं. वर्ग हसला. मला त्याचं काही वाटलं नाही, हे मला अजून आठवतं.

म्हणून या वर्षी मी ठरवलं की क्रियापदं बसून शिकवायची नाहीत. दोघातिघांचे गट केले आणि प्रत्येक गटानं आपल्या गावातलं काहीतरी वर्गासमोर उभं करून दाखवायचं, पाच मिनिटं, फ्रेंचमध्ये. त्यात एक गोष्ट घडून गेलेली हवी, एक पूर्वी नेहमी घडणारी, एक पुढं घडणारी. एवढं सांगून गप्प बसले असते तर चाललं असतं. पण मी अकरा नियमांचा कागद काढला, गुण कसे द्यायचे ते तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं, आवाज होईल म्हणून शेजारच्या वर्गातल्या सरांची आधी परवानगी घेतली. नियमांतला चौथा मला सगळ्यात आवडता होता: जे सांगाल ते खरं घडलेलं असावं, घरी विचारून खात्री करून यावी. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, फ्रेंच कमी हाय आन नियम जास्त हायत." बरोबर होतं त्याचं.

पहिला गट तिघांचा. त्यांनी बाक पुढं ओढला आणि त्यावर नुसते बसून राहिले. मी माझ्या कागदावर लिहिलं, वेळ वाया. मग त्यातला एक उठला, रस्त्याकडं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "लोतोब्यूस आरिव्हरा." गाडी येईल. दुसरा म्हणाला, पूर्वी सातला यायची. तिसरा म्हणाला, ती गेली. पहिला म्हणाला, नाही, येईल. मग तिघांनी हेच फिरवून फिरवून सुरू केलं. येईल, यायची, गेली; आत्ता येईल, कधीतरी यायची, कालच गेली. दरवेळी तोंड आणखी पडलेलं. पाच मिनिटांनंतर वर्गातला एकही जण सरळ बसलेला नव्हता. तेव्हापासून कुणी तासाला उशिरा आलं की दारातच म्हणतं, येईल, आणि बाकीचे आतून म्हणतात, गेली. मी उशिराबद्दल बोलायचं सोडून दिलंय.

वालचंदनगरच्या दोघींनी त्यांच्या आजीची गोष्ट आणली. आजी अख्खं आयुष्य कारखान्याच्या भोंग्यावर स्वयंपाक करायची. भोंगा झाला की भात चढवायची, दुसरा झाला की उतरवायची. आता ती मुलाकडं बारामतीत राहते, भिंतीवर चांगलं मोठं घड्याळ आहे, आणि तिचा भात दररोज करपतो. मुली आजी झाल्या होत्या, बाकीच्या वर्गाला भोंगा करायला लावलं होतं. तो आवाज ऐकून शेजारचे सर दारात आले. मी परवानगी घेतली होती ना, असं मी त्यांना म्हणाले. ते म्हणाले, परवानगी कुजबुजीची होती.

आणि मग ती निरवांगीची मुलगी. ती दारातून आलीच नाही. व्हरांड्याच्या टोकापासून तिचा आवाज आला. ट्रॅक्टरमध्ये डिझेल घालायचं नरसाळं तिनं तोंडाला लावलं होतं आणि एकेक पाऊल टाकत येत होती. "यून ब्यूफ्लॉन आ दिस्पारू." एक म्हैस हरवली आहे. अब्बा, तिनं आधी शिंगं सांगितली. डावं आत वळलेलं, उजवं सरळ. मग शेपटीचा गोंडा. मग म्हैस स्वभावानं कशी होती, कुणाला जवळ येऊ द्यायची, कुणाला नाही. मग ज्याला सापडेल त्याला पहिल्या धारेचं दूध मिळेल. रंग तिनं सांगितलाच नाही. एका मुलीनं विचारलं, रंग कोणता, तर ती नरसाळं खाली न घेता म्हणाली, तुझ्या घरच्या म्हशीचा असतो तोच. तीन महिने न बोललेली मुलगी. शिपाई मामा फाईल हातात घेऊन तसेच आले आणि मला हळूच विचारलं, "म्हस कुणाची हो, मॅडम?" ती म्हैस गेल्या वर्षी खरीच हरवली होती, आणि सगळं घर रानोमाळ हिंडत असताना ती शेजाऱ्याच्या उसात उभी राहून खात होती.

मी डोळे पुसत होते. हसून आलेलं पाणी आणि दुसरं पाणी यांत फरक करायला सवड नव्हती. आणि मला कळायच्या आत मी बोलून गेले की माझे वडील हेच काम करायचे, खऱ्या कर्ण्यावर. मग सांगा, सांगा. मग कुणीतरी म्हणालं, फ्रेंचमध्ये सांगा, नियम सगळ्यांना सारखा. मी सांगितलं. सोपे शब्द घेऊन, अडखळत, हातवारे करत. निरवांगीत दोन माणसं एकाच नावाची आणि एकाच आडनावाची होती. त्यातला एक वारला. माझ्या वडिलांनी दुसऱ्याचा पुकारा केला. मेलेला माणूस मोटारसायकलवर बसून आला. मुलं बाकांवर हात आपटून हसली. तास संपला तरी कुणी उठेना. ती मुलगी नरसाळं मांडीवर घेऊन पुढच्या बाकावर बसली होती. तिनं विचारलं, "मॅडम, चौथा नियम. खरं हाय ना?" मी म्हणाले, खरं आहे.

आता खरं लिहिते. शाळेला सुट्टी आहे, चारच्या मातीला अजून बराच अवकाश आहे, ऊन तापलेलं आहे. तुम्ही रिक्षा निरवांगीच्या पुलाजवळ बाभळीखाली लावली आहे. चिठ्ठी कळंबमध्येच मिळाली होती, पण तुम्ही रीतीप्रमाणे आधी घर बघायला गेला आहात. जाताना मला म्हणाला आहात, मी आल्यावर बोलू. मी पुढच्या सीटवर चिठ्ठी मांडीवर घेऊन बसले आहे. दोन बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन थांबतात. एक विचारते, "कुणाचं काय झालं गं?" तिला तोंडानं सांगता आलं असतं. पण माझ्या हाताशी माइक आहे आणि मी दोन वर्षं तुमच्या शेजारी बसून बघितलंय. मी बटण दाबते. चिठ्ठीवर आहे तेवढं, एक शब्द पदरचा न घालता, नाव, आडनाव, गाव, वेळ, ठिकाण. चिठ्ठीच्या पाठीमागं तुमच्या पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, ओढ्याकडची वस्ती. ते मी बघितलं होतं, अब्बा. मला वाटलं ते तुमच्यासाठी आहे, रिक्षा कुठं वळवायची त्यासाठी. आणि निरवांगीत ते नाव नुसतं घेतलं की लोकांना एकच माणूस आठवायचा, ओढ्याकडचा नव्हे. वरच्या आळीचे तात्या, ज्यांच्या ओट्यावर गाव दिवसातून एकदा तरी टेकायचं.

तात्या मोटारसायकल घेऊन आले. रिक्षासमोर उभे राहिले, गाडी बंद केली आणि दोन्ही हात हँडलवर ठेवून माझं बोलणं संपेपर्यंत ऐकत राहिले. मी त्यांना ओळखत नव्हते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती वाजता म्हणलीस, पोरी?"

"चार," मी म्हणाले.

"मग हाय येळ. जेवून येतो."

एवढ्यात तुम्ही पळत आलात. तुम्हाला पळताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. तात्यांना बघून तुम्ही टोपी काढलीत. ते म्हणाले, "काय रं, मला इचारलं तरी असतं." तुम्ही माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. म्हणालात, "चुकी झाली, तात्या. कागद माझा, गाडी माझी, चुकी माझी." तात्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा माझ्या हातातल्या माइककडं, आणि एकदा तुमच्याकडं. मग मोटारसायकल तिथंच बाभळीला टेकवली आणि रिक्षात चढले. "चल, मी जिता हाय हे मीच दावतो. तुझ्यावर कोण इस्वास ठिवणार आता?"

त्या दिवसासारखी मिरवणूक मी पुन्हा बघितली नाही. तुम्ही चालवताय आणि बोलताय, मध्ये मी, बाहेरच्या बाजूला तात्या हात हलवताहेत. तुम्ही प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून सांगता, पुकारणाऱ्याची चूक झाली, वरच्या आळीचे तात्या खुशाल आहेत, वारले ते ओढ्याकडच्या वस्तीवरचे. लोक दारातून बघतात, तात्यांना हात लावून बघतात. एक म्हातारी बाई रडायला बसली होती. तात्यांना बघून थांबली आणि त्यांच्यावरच रागवली, एवढं रडले ते आता कुणाच्या नावावर घालू. तात्या म्हणाले, "ठिव बाजूला. लागंल तवा सांगतो." चार वाजता सगळे मिळून ओढ्याकडच्या त्या म्हाताऱ्या माणसाच्या मातीला गेले. तात्याही गेले. माझ्याच नावाचा होता, म्हणाले, मी नाही गेलो तर कोण जाणार.

परतीच्या वाटेवर तुम्ही समोर बघून रिक्षा चालवत होतात. मी रडत नव्हते, रडण्याच्याही पलीकडं गेले होते. कळंबच्या पाटीजवळ तुम्ही म्हणालात, "कागद दोन्हीकडनं वाचायचा." बस्स. घरी अम्मीला तुम्ही सांगितलंत की आज माझ्या हातून घोटाळा झाला. आणि पुढच्या आठवड्यात एक शेळी हरवल्याची चिठ्ठी आली तेव्हा तुम्ही माइक काढून माझ्या मांडीवर ठेवलात. मी हात मागं घेतले. तुम्ही म्हणालात, "घे गं. शेळी जिती निघाली तर कोण रागवत न्हाय." मला आयुष्यात पुष्कळ भेटी मिळाल्या, अब्बा, पदव्या मिळाल्या, पुण्यात असताना एकदा टाळ्या मिळाल्या. त्या माइकएवढं मला कुणी काही दिलं नाही.

पण गोष्ट तुमच्या नावावर गेली. पुकारणाऱ्याची चूक, तुम्ही म्हणालात, आणि लोकांच्या लेखी पुकारणारा म्हणजे तुम्ही. त्या दिवशी पोरीचा आवाज होता हे ज्यांनी ऐकलं तेही महिन्याभरात विसरले. कर्ण्यातून सगळेच आवाज पत्र्याचे येतात. पुढची तीन वर्षं, तुम्ही होतात तोवर, चहाच्या टपरीवर तुम्हाला रोज कुणीतरी विचारायचं, काय, आज कुणाला मारलं? तुम्ही म्हणायचा, "आज सुट्टी हाय." मी शेजारी बसून खारी खात असायची. तुम्ही हसायचा म्हणून मीही हसायची. खोटा पुकारा कधी न केलेल्या माणसाला लोक त्याच एका गोष्टीनं ओळखत राहिले. तुम्ही गेल्यावरही लग्नाकार्यात तीच गोष्ट निघते. आणि आता चौदा मुलांच्या तोंडी ती मी घातली. तीही फ्रेंचमध्ये, म्हणजे जिथं तुम्ही स्वतः येऊन एक शब्द बोलू शकला नसतात अशा भाषेत.

इतकंच असतं तर कदाचित मी आणखी काही वर्षं ढकलली असती. पण येत्या शनिवारी पालकसभा आहे. मुलांनी प्राचार्यांना भेटून परवानगी काढली की सभेत एक गट सादरीकरण करेल, आणि सर्वानुमते निवडली ती माझी गोष्ट. तुमचं काम करणार ती निरवांगीची मुलगी. तिनं टोपी मिळवली आहे, तिच्या चुलत्याच्या मंडपाच्या सामानातून खरा कर्णा आणणार आहे. आणि आज सकाळी, मंगळवारी, तास सुरू व्हायच्या आधी ती माझ्या टेबलाशी आली. ती तात्यांच्या भावाची नात निघाली. मला ठाऊक नव्हतं. चौथ्या नियमाप्रमाणे ती घरी विचारायला गेली होती. तात्या आहेत अजून, अब्बा. ऐंशीच्या पुढं गेलेत, एका कानानं ऐकतात, ओट्यावरच असतात. गोष्ट ऐकून ते खूप हसले, ती म्हणाली. मग म्हणाले, "समदं बराबर हाय. पर बाप नव्हता तितं. पोरगी होती, दोन येण्यांची. तिचा आवाज अजून हाय माज्या कानात."

अठरा वर्षं त्या माणसानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही आपल्यावर घेतलंत हे त्यांनी त्या दिवशी बघितलं, आणि बघून गप्प राहिले. आता एका पोरीनं येऊन विचारलं, आजोबा, हे खरं आहे का, तर त्यांनी खरं ते सांगितलं. विचारायला मीच पाठवली होती. मुलगी माझ्यासमोर उभी, वही उघडलेली, पेन तयार. "मग कसं करू, मॅडम? बाप का पोरगी?"

मी म्हणाले, "त्यांचं वय झालंय गं. गल्लत होत असेल."

ती लगेच म्हणाली, "व्हय मॅडम. हल्ली लई इसरत्यात. गोळ्या खाल्ल्या का न्हाय तेबी ध्यानात न्हाय ऱ्हात. घरी कोण त्यांचं खरं धरत न्हाय आता." आणि वहीत बाप असं लिहून, खाली रेघ मारून, आनंदानं जागेवर जाऊन बसली.

तेव्हापासून मी स्टाफरूममध्ये बसून हे लिहिते आहे. एका वाक्यात मी हे काय केलं? ज्या म्हाताऱ्या माणसाचं कुणी खरं धरत नाही, त्याला त्या घरात जी एक गोष्ट लख्ख आठवत होती तीही मी खोटी पाडली. माझी चूक तुम्ही स्वतः होऊन अंगावर घेतली होती. ती तुमची मर्जी होती. तात्यांवर मी टाकली आणि त्यांना विचारलंही नाही. आज संध्याकाळी ती घरी जाऊन म्हणेल, आजोबा, तुम्ही विसरला, मॅडम म्हणाल्या. आणि तात्या काय म्हणतील? बहुधा हसतील. बहुधा म्हणतील, आसंल बाबा. हे आसंल मला सोसत नाही.

मी आधी ठरवलं होतं की शनिवारी सभेतच उभी राहून सांगेन, पालकांसमोर, प्राचार्यांसमोर. दोन वेळा मनात बोलूनही बघितलं आणि छान जमत होतं. मग लक्षात आलं की त्याला टाळ्या पडतील. बाई किती प्रामाणिक, असं लोक म्हणतील, आणि नातीचं काम बघायला आलेले तात्या पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून ते ऐकतील. नाही. आधी त्यांच्या ओट्यावर जायचं. घरातली माणसं, सुना, ती मुलगी, सगळी असताना, त्यांच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बसून सांगायचं की तुम्हाला बरोबर आठवतंय, तात्या, गल्लत माझी होती, आजचीही आणि तेव्हाचीही. मग मुलीला सांगायचं की वहीत खाडाखोड कर. ती नाराज होणार नाही. दोन वेण्या घालून कर्ण्यावर बोलायला मिळणार म्हटल्यावर टोपी लगेच सोडून देईल. तुमचं काम आता गटातला दुसरा मुलगा करेल. त्याला एकच पाठ करायचं आहे, चूक माझी, आणि फ्रेंचमध्ये त्या क्रियापदाच्या रूपात तो अजून चुकतो. शनिवारपर्यंत मी ते बसवून घेईन.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे लिहायला घेतलं तेव्हाच ठाऊक होतं. तरी एक राहिलं आहे, आणि ते मी तात्यांनाही सांगणार नाही, तुम्हालाच सांगते. मयतीचा पुकारा तीनदा करायचा असतो. पुलाजवळ मी तो चौथ्यांदा करत होते. विसरून नव्हे. माझा आवाज कर्ण्यातून बाहेर पडून नदीपलीकडं जाऊन परत येत होता, शाळेत तोंडातून न निघालेला तो माझाच आवाज, आणि मला तो इतका आवडला की मला थांबावंसं वाटेना. कुणीतरी वारलं होतं आणि मी खूश होते. तात्यांनी जो ऐकला तो चौथा.

उद्या बुधवारी माझ्या वर्गांच्या चाचण्या आहेत, सुट्टी मिळणार नाही. परवा माझा पहिला तास दुपारी आहे. सकाळी पावणेसातला स्टँडवर उभी राहीन, वालचंदनगरची गाडी धरेन, कळंबला उतरून अम्मीला बरोबर घेईन, कारण तिलाही हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. नऊच्या आत आम्ही निरवांगीत तात्यांच्या ओट्यावर असू. गुरुवारी, अब्बा. परवाच्या गुरुवारी.